एअर-कूल्ड मोटार आणि बाहेरून जोडलेला ऑइल कूलर : फोक्सवॅगन व पोर्शे यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

मोटारीच्या इतिहासाचे लेखन बहुधा कारखानदार, नवनवे नमुने, विक्रीचे आकडे आणि शर्यतींतील विजय यांच्याभोवती फिरते. एखाद्या लहानशा सुट्या भागाचा इतिहास लिहिण्याची प्रथा कमी आहे. परंतु यंत्राच्या रचनेतील एखादा भाग जेव्हा वर्षानुवर्षे आपली जागा बदलत राहतो, तेव्हा त्या स्थलांतरामागे मूळ कल्पना आणि प्रत्यक्ष वापर यांच्यातील ताण दडलेला असतो. हवेने थंड होणाऱ्या इंजिनातील ऑइल कूलर हा असाच एक भाग होय. जुन्या फोक्सवॅगन बीटलचे किंवा पोर्शे ९११ चे मालक आजही आपल्या गाडीला बाहेरून जादा ऑइल कूलर जोडावा की नाही, यावर हिरिरीने वाद घालतात. एका पक्षाच्या मते अशी जोडणी म्हणजे मूळ गाडीशी केलेली प्रतारणा, तर दुसऱ्या पक्षाच्या मते ती इंजिन वाचविण्याची अट आहे. प्रस्तुत लेखात या वादाकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहिले आहे. ऑइल कूलर कोठून कोठे गेला, का गेला, आणि त्या प्रवासातून ऐतिहासिक वाहनांच्या जतनाविषयी कोणता निकष हाती येतो, हे तपासणे हा या लेखाचा उद्देश आहे.

हवा आणि तेल :

'एअर-कूल्ड' हे नाव काहीसे फसवे आहे. इंधनाच्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या उष्णतेचा काही भागच चाकांपर्यंत शक्तीच्या रूपाने पोहोचतो. उरलेल्या उष्णतेपैकी बरीचशी धुराबरोबर निघून जाते व बाकीची इंजिनाच्या धातूत साठू लागते. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात ही उष्णता सिलिंडरभोवती खेळणारे पाणी रेडिएटरकडे नेते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात सिलिंडर आणि हेड यांना पातळ पंख्या असतात व फॅनने ढकललेली हवा त्यांच्यामधून जाते. मात्र ही हवा बाहेरच्या पृष्ठभागालाच स्पर्श करू शकते. पिस्टनची आतली बाजू, क्रँकशाफ्टची बेअरिंगे, व्हॉल्व्हची यंत्रणा या ठिकाणी हवा पोहोचत नाही. तेथील उष्णता वाहून नेण्याचे काम वंगणतेलच करते. त्यामुळे अशा इंजिनात तेल हे वंगण तर असतेच, पण शीतकरणाचे दुसरे माध्यमही असते.

तेलाला या दुहेरी भूमिकेची किंमत मोजावी लागते. तापमान वाढत गेले की तेल पातळ होते, बेअरिंगांमधील त्याचा थर क्षीण होतो आणि तेलाचा दाब घसरतो. सामान्यतः ८० ते १०० अंश सेल्सिअस हे तेलाचे योग्य तापमान समजले जाते. १२० अंशांच्या पुढे साधे खनिज तेल लवकर खराब होऊ लागते. याउलट तेल सतत फार थंड राहिले तर ज्वलनातून आत झिरपणारे पाणी व इंधन यांची वाफ होऊन ते बाहेर पडत नाही आणि इंजिनात चिकट गाळ साचतो. म्हणून तेल शक्य तितके थंड ठेवणे हे ऑइल कूलरचे उद्दिष्ट नसते. ते ठरावीक मर्यादेत ठेवणे हे त्याचे खरे उद्दिष्ट असते. पुढील सर्व विवेचनात हा भेद महत्त्वाचा आहे.

जनतेच्या मोटारीची रचना :

२२ जून १९३४ रोजी फर्डिनांड पोर्शे यांच्या कार्यालयाने जर्मन मोटार उद्योग संघटनेशी स्वस्त मोटारीच्या आराखड्यासाठी करार केला. सर्वसामान्य कुटुंबाला परवडेल अशी, एक हजार मार्कांच्या आत किंमत असलेली आणि नव्या महामार्गांवर ताशी १०० किलोमीटरचा वेग सतत राखू शकेल अशी गाडी नाझी राजवटीला हवी होती. अशा गाडीच्या मालकाकडे गॅरेज असण्याची शक्यता कमी होती. उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीच्या रेडिएटरमधील पाणी जर्मनीच्या हिवाळ्यात गोठणार हे उघड होते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची निवड या सामाजिक परिस्थितीतून झाली. ऑस्ट्रियन अभियंता फ्रान्झ झेव्हर राइमश्पीस यांनी आखलेले चार सिलिंडरांचे, समोरासमोर आडवे पिस्टन असणारे इंजिन अखेर स्वीकारले गेले.

या इंजिनात शीतकरणाची व्यवस्था अतिशय आटोपशीर होती. जनित्राच्याच आसावर बसविलेला फॅन पत्र्याच्या अर्धगोलाकार आवरणात फिरे आणि हवा दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांवर ढकली. त्याच आवरणाच्या आत, डाव्या बाजूला, ऑइल कूलर उभा होता. त्याला वेगळा फॅन, वेगळी नळी वा वेगळी जागा लागत नव्हती. तेलाच्या मार्गातील व्यवस्थाही तितकीच साधी होती. तेल थंड व दाट असताना दाबाने व्हॉल्व्ह उघडे आणि तेल कूलरला वळसा घालून थेट बेअरिंगांकडे जाई. तेल तापून पातळ झाले की व्हॉल्व्ह मिटे व तेलाला कूलरमधूनच जावे लागे. संपूर्ण इंजिनात तेल केवळ अडीच लिटर होते आणि आधुनिक अर्थाने तेलाचा फिल्टर नव्हता. तेथे फक्त जाळी होती.

सुरुवातीच्या ९८५ घन सेंटिमीटरच्या, सुमारे २४ अश्वशक्तीच्या इंजिनाला ही व्यवस्था पुरेशी होती. दुसऱ्या महायुद्धात याच इंजिनावर आधारलेली 'क्युबेलवॅगन' ही लष्करी गाडी उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात धावली. जेथे पिण्याच्या पाण्याचीही ददात, तेथे रेडिएटर नसणे हा मोठाच लाभ होता. हवेने थंड होणारे इंजिन कधीच तापत नाही, ही लोकप्रिय समजूत अशा अनुभवांतून दृढ झाली असावी.

वाढती शक्ती आणि तिसरा सिलिंडर :

युद्धोत्तर काळात ब्रिटिश लष्करी प्रशासनाखाली कारखाना पुन्हा उभा राहिला आणि पुढे बीटल जगभर पसरली. या प्रसाराबरोबर इंजिनावरील अपेक्षा वाढत गेल्या. १९५४ मध्ये ११९२ घन सेंटिमीटरचे ३० अश्वशक्तीचे इंजिन आले. १९६० मध्ये शक्ती ३४, १९६५ मध्ये १३०० च्या नमुन्यात ४०, त्यानंतरच्या वर्षी १५०० मध्ये ४४ आणि १९७० मध्ये १६०० मध्ये ५० अश्वशक्ती झाली. म्हणजे मूळ आराखड्याच्या तुलनेत शक्ती दुपटीहून अधिक झाली. तेल मात्र अडीच लिटरच राहिले. शिवाय १९५० पासून हीच इंजिने उंच, जड व वाऱ्याला अडविणाऱ्या मालवाहू व प्रवासी व्हॅनमध्येही बसविली जात होती. चढावर पूर्ण भार घेऊन जाणाऱ्या व्हॅनच्या इंजिनाला क्षणाचीही उसंत मिळत नसे.

या वाढीचा पहिला बळी तिसरा सिलिंडर ठरला. डाव्या बाजूचा, गाडीच्या पुढच्या दिशेला असणारा हा सिलिंडर नेमका ऑइल कूलरच्या वाटेत होता. फॅनची थंड हवा प्रथम कूलरमधून जाई, तेथे तापे आणि मग या सिलिंडरवर पोहोचे. कूलरमुळे हवेच्या मार्गात अडथळाही येई. परिणामी या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह इतरांच्या आधी जळे किंवा तुटे. कारखान्याने काही डिस्ट्रिब्युटरांमध्ये केवळ तिसऱ्या सिलिंडरची ठिणगी काही अंश उशिरा पडेल अशी योजना केली, जेणेकरून त्याचे तापमान थोडे उतरेल. मूळ रचनेतील दोष मान्य करणारा, तरीही रचनेला हात न लावणारा हा तडजोडीचा उपाय होता.

खरा उपाय १९७१ च्या नमुन्यांत, म्हणजे ऑगस्ट १९७० पासूनच्या उत्पादनात आला. कूलर मुख्य आवरणाबाहेर काढून त्याला पत्र्याचे स्वतंत्र कोंडाळे दिले गेले, फॅन रुंद करण्यात आला आणि कूलरमधून तापून निघालेली हवा सिलिंडरांवर न सोडता वेगळ्या वाटेने खाली बाहेर टाकली गेली. आकारामुळे या कोंडाळ्याला कारागिरांनी 'डॉगहाऊस', म्हणजे कुत्र्याचे घर, असे नाव दिले. येथे एक तत्त्व स्पष्ट झाले : तेल थंड करणारी हवा आणि सिलिंडर थंड करणारी हवा या दोन्ही वेगळ्या असाव्यात. बाहेरून ऑइल कूलर जोडण्यामागील विचार मूलतः हाच आहे, आणि तो प्रथम हौशी मंडळींनी नव्हे तर खुद्द कारखान्याने आपल्या रचनेत अमलात आणला होता.

पोर्शे ९११ : कूलरचा गाडीच्या मागून पुढे प्रवास :

हेच तत्त्व पोर्शे ९११ च्या बाबतीत अधिक ठळकपणे दिसते. १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मांडलेल्या आणि १९६४ पासून विकल्या गेलेल्या या गाडीत दोन लिटरचे, सहा सिलिंडरांचे, १३० अश्वशक्तीचे हवेने थंड होणारे इंजिन मागील बाजूस होते. येथे तेल इंजिनाच्या तळाशी न साठवता वेगळ्या टाकीत साठविले जाई आणि त्याचे प्रमाण बीटलच्या कित्येक पट होते. ऑइल कूलर आरंभी इंजिनावरच बसविलेला होता.

शक्ती वाढताच ही सोय अपुरी पडली. १९६९ च्या नमुन्यात ९११ एस या प्रकारची शक्ती १७० अश्वशक्तीपर्यंत गेली, आणि त्याच नमुन्यात कंपनीने उजव्या बाजूच्या पुढच्या मडगार्डमध्ये दुसरा ऑइल कूलर दिला. मागच्या टोकाला असलेल्या इंजिनातून तेल गाडीच्या लांबीइतक्या नळ्यांतून पुढे जाई, तेथील वाऱ्यात थंड होई आणि परत येई. तेल पुरेसे तापल्याशिवाय ही लांबची वाट उघडू नये म्हणून थर्मोस्टॅट होता. अशा रीतीने जी गाडी 'रेडिएटर नसलेली' म्हणून ओळखली जात होती, तिला व्यवहारतः तेलाचा रेडिएटर मिळाला.

१९७० च्या दशकाच्या मध्यास आणखी एक कसोटी आली. अमेरिकेत प्रदूषणविषयक नियम कडक झाले. ते पाळण्यासाठी २.७ लिटरच्या इंजिनांना धूर अधिक जाळून काढणारे थर्मल रिअॅक्टर जोडले गेले. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील व १९७६-७७ मध्ये अमेरिकेतील सर्व गाड्यांत ते होते. हे रिअॅक्टर हेडच्या अगदी निकट अतिशय तापत. मॅग्नेशियमच्या क्रँककेसमधून हेड धरून ठेवणारे स्टड उपटून येण्याच्या तक्रारी याच इंजिनांबाबत प्रसिद्ध आहेत. कंपनीने पुढे १९७८ च्या ९११ एससी या नमुन्यासाठी अॅल्युमिनियमची क्रँककेस स्वीकारली. या प्रसंगातून असे दिसते की उष्णतेचा प्रश्न केवळ शक्ती वाढल्याने निर्माण होत नाही. कायदा, इंधन आणि धातू यांचाही त्यात वाटा असतो.

या मार्गाचा शेवटही त्याच दिशेने झाला. १९८६ च्या पोर्शे ९५९ मध्ये सिलिंडर हवेने, परंतु चार व्हॉल्व्ह असलेली हेड पाण्याने थंड केली जात. चार व्हॉल्व्हच्या दाटीत पंख्यांना व हवेला पुरेशी जागा उरत नाही. १९९७ मध्ये पाण्याने थंड होणारी ९११ बाजारात आली आणि १९९८ मध्ये हवेने थंड होणाऱ्या ९११ चे उत्पादन संपले. बीटलची अखेरची गाडी ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतील प्वेब्ला येथील कारखान्यातून बाहेर पडली. तोवर एकूण २,१५,२९,४६४ बीटल तयार झाल्या होत्या.

बाहेरून जोडणी : पद्धती आणि मर्यादा :

कारखान्याबाहेर या प्रयोगांना गती मिळाली ती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर. ब्रूस मायर्स यांनी १९६४ मध्ये बीटलच्या सांगाड्यावर व इंजिनावर आधारित 'मायर्स मँक्स' ही वाळूत धावणारी गाडी तयार केली. १९६७ मध्ये तिहुआना ते ला पाझ या मेक्सिकोतील पहिल्या वाळवंटी शर्यतीत अशीच एक गाडी विजयी ठरली. तासन्तास पूर्ण शक्तीने, धुळीत व उन्हात धावणाऱ्या इंजिनाला अडीच लिटर तेल आणि जाळी पुरणे शक्य नव्हते. जादा कूलर व खरा फिल्टर ही येथे चैन नव्हती, गरज होती. पुढे हेच साहित्य रस्त्यावरच्या साध्या बीटललाही लावले जाऊ लागले.

बीटलला बाहेरून कूलर जोडण्याच्या प्रमुख पद्धती दोन आहेत. पहिल्या पद्धतीत मूळ कूलर काढून त्याच्या बैठकीवर एक जोडतुकडा बसवितात व तेथून नळ्यांनी तेल बाहेरच्या कूलरकडे नेतात. ही जोडणी पूर्णपणे उलटविता येते, परंतु मूळ कूलरच्या जागी पडलेली पोकळी नीट बंद केली नाही तर फॅनची हवा तेथून वाया जाते. दुसऱ्या पद्धतीत ऑइल पंपाच्या झाकणातून तेल बाहेर काढून, फिल्टर व कूलर यांतून फिरवून, क्रँककेसमधील मुख्य तेलवाहिनीत परत सोडतात. मूळ कूलर यात जागेवर राहतो व तेल गाळलेही जाते. मात्र त्यासाठी क्रँककेसला छिद्र पाडून आटे कापावे लागतात, आणि धातूत केलेला हा बदल सहज पूर्ववत होत नाही. म्हणजे यांत्रिकदृष्ट्या सरस पद्धत ही जतनाच्या दृष्टीने अधिक खर्चिक ठरते.

जागेची निवडही तितकीच निर्णायक असते. फॅनच्या तोंडाशी कूलर बसविला तर सिलिंडरांकडे जाणारी सगळीच हवा आधी तापते आणि १९७० पूर्वीचाच दोष मोठ्या प्रमाणावर पुन्हा निर्माण होतो. म्हणून मागील मडगार्डखाली, व्हॅनमध्ये गिअरबॉक्सच्या वर, किंवा स्वतंत्र विजेच्या फॅनसह अन्यत्र अशी जागा निवडावी लागते. थर्मोस्टॅट न लावल्यास थंडीत तेल कधीच पुरेसे तापत नाही. शिवाय सकाळी दाट तेलाचा सारा दाब नळ्यांवर येतो. एक नळी निसटली तरी अडीच लिटर तेल रस्त्यावर सांडण्यास फारसा वेळ लागत नाही.

उष्ण प्रदेशात हा विचार अधिकच लागू पडतो. उष्णतेचे वहन तापमानातील फरकावर अवलंबून असते. तेल १०० अंशांवर आणि हवा २० अंशांवर असेल तर हा फरक ८० अंशांचा असतो. विदर्भातील उन्हाळ्यात हवा ४२ अंशांवर गेली की तो ५८ अंश उरतो, म्हणजे त्याच कूलरची क्षमता पाव हिश्श्याहून अधिक घटते. भारतीय वाचकाला बाहेरचा ऑइल कूलर मोटारीपेक्षा मोटारसायकलींमुळे अधिक परिचित आहे. पुण्याच्या बजाज ऑटोने २००७ मध्ये आणलेल्या पल्सर २२० वर तो इंजिनाच्या पुढे उघडपणे दिसत असे.

तथापि, ऑइल कूलर तेल थंड करतो, हेड नव्हे. ही मर्यादा दुर्लक्षिली जाते. ठिणगीची वेळ चुकली असेल, इंधनात हवेचे प्रमाण अधिक असेल, पंख्यांमध्ये तेलकट मळ साचला असेल, इंजिनाभोवतीचे पत्रे किंवा रबरी पट्टी काढून टाकलेली असेल, तर हेड तापतच राहते. जादा कूलर लावल्यावर तेलाच्या तापमानाचा काटा मात्र खाली येतो आणि मालक निश्चिंत होतो. तापमापक उतरला म्हणून रोग बरा झाला असे मानण्यासारखेच हे आहे. दुरुस्तीच्या अनेक वर्षांत एकेक करून हरवलेले पत्रे मूळ जागी बसविणे हा कित्येकदा नव्या कूलरपेक्षा स्वस्त व परिणामकारक उपाय ठरतो.

मूळपणाचा प्रश्न :

ऐतिहासिक वाहनांच्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये ट्युरिन सनद स्वीकारली. वास्तू व स्मारके यांच्या जतनाची तत्त्वे या सनदेने वाहनांना लागू केली. वाहनाच्या काळानंतरचे बदल अपरिहार्य असतील तर ते संयत असावेत, उलटविता येण्याजोगे असावेत आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत, असा तिचा आशय आहे. वाहन वापरात राहणे हाही त्याच्या जतनाचा भाग आहे, ही भूमिकाही तिने घेतली आहे. भारतात जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या व मोठा फेरबदल न झालेल्या वाहनांसाठी 'व्हीए' या अक्षरांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. त्यामुळे 'मूळ स्वरूप' म्हणजे नेमके काय, हा प्रश्न हौशी संग्राहकांपुरता मर्यादित राहिलेला नाही.

बीटल आणि ९११ यांचा इतिहास पाहता मूळ स्वरूप ही स्थिर वस्तू नव्हती, हे मान्य करावे लागते. १९६५ च्या बीटलला १९७१ चे डॉगहाऊस बसविणे हा बदल खराच, परंतु तो कारखान्याने स्वतः दाखविलेल्या वाटेवरचा बदल आहे. १९६८ च्या ९११ ला पुढच्या मडगार्डमधील कूलर जोडणे हेही तसेच. मात्र त्यासाठी शरीराचा पत्रा कापणे किंवा क्रँककेसला छिद्र पाडणे हे वेगळ्या प्रकारचे कृत्य आहे. त्यातून त्या विशिष्ट वर्षाच्या रचनेचा पुरावाच नष्ट होतो. तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेत उभा असलेला कूलर हा अभियांत्रिकीच्या दृष्टीने दोष असला, तरी इतिहासाच्या दृष्टीने तो दस्तऐवज आहे.

निष्कर्ष :

१. 'एअर-कूल्ड' इंजिन हे प्रत्यक्षात हवा व तेल या दोन माध्यमांनी थंड होणारे इंजिन आहे. शक्ती वाढली की तेलावरील भार वाढतो.

२. फोक्सवॅगनमध्ये १९७० साली व पोर्शेमध्ये १९६९ च्या नमुन्यात ऑइल कूलर सिलिंडरांच्या हवेपासून दूर नेण्यात आला. बाहेरून कूलर जोडण्याची कल्पना म्हणून परंपरेविरुद्ध नसून परंपरेतच बसणारी आहे.

३. कूलर जोडण्यापूर्वी मूळ शीतकरण व्यवस्था पूर्ण व निर्दोष आहे याची खात्री करणे आवश्यक आहे; अन्यथा तो दोष झाकतो, दूर करीत नाही.

४. जोडणी उलटविता येणारी असावी, थर्मोस्टॅटसह असावी आणि काढलेले भाग गाडीबरोबर राहावेत. क्रँककेस अथवा शरीराचा पत्रा कापणारी जोडणी टाळणे श्रेयस्कर होय.

गॅरेज नसलेल्या कुटुंबाच्या सोयीसाठी आखलेली ही इंजिने आता गॅरेजमध्ये जपली जातात. त्यांना चालते ठेवणे आणि त्यांच्या घडणीचा पुरावा शाबूत ठेवणे ही दोन्ही कर्तव्ये आहेत. ती परस्परविरोधी होऊ न देता पार पाडण्याचे कौशल्य पुढील काळातील कारागिराला व संग्राहकाला दाखवावे लागेल.